विश्लेषण : उन्हाळ्यात शाळेची खोली का तापते? अच्युत कानविंदे यांच्या इमारतींत काय उत्तर सापडते?

आचऱ्यात जन्मलेल्या, हार्वर्डमध्ये शिकलेल्या आणि कानपूर आयआयटीचे संकुल घडवणाऱ्या वास्तुविशारदाची वाटचाल. खान्देशातल्या शाळांसाठी ती आजही का महत्त्वाची ठरते, याविषयी...

मार्च उजाडला की धुळे-जळगाव महामार्गावरच्या एरंडोल परिसरात शाळांचे वेळापत्रक बदलते. सकाळची शाळा सुरू होते. सात-साडेसातला घंटा होते आणि ऊन चढायच्या आत मुले घरी जातात. जळगाव जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा 45 अंशांच्या आसपास जातो, त्यामुळे यात कोणाला काही वावगे वाटत नाही. पण नीट पाहिले तर हा इमारतीच्या दोषावर वेळापत्रकाने काढलेला तोडगा आहे. ज्या वास्तूत दुपारी बसता यावे म्हणून पैसा खर्च केला, तिथे दुपारी बसता येत नाही. मग नवी शाळा बांधताना आधीच्या शाळेत जाऊन दुपारी दोन वाजता कोणी बसून पाहिले का, हा प्रश्न उरतो. मराठी वास्तुविशारद अच्युत कानविंदे यांचे काम या प्रश्नाशी थेट जोडलेले आहे.

शाळेची खोली भट्टी का होते?

खान्देशातल्या जुन्या धाब्याच्या घरांच्या भिंती मातीच्या आणि हात-दीड हात जाडीच्या असत. छतावरही मातीचा जाड थर. बाहेरची उष्णता आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होई आणि तोवर बाहेरची हवा निवू लागलेली असे. आजच्या वर्गखोलीवर चार-पाच इंच जाडीचा सिमेंटचा स्लॅब असतो, नाहीतर नुसता पत्रा. पत्रा ऊन लागताच तापतो. स्लॅब तापायला वेळ घेतो, पण दुपारनंतर त्याने साठवलेली उष्णता खाली बसलेल्या मुलांच्या डोक्यावर उतरू लागते.

दुसरी अडचण उंचीची. खिडकीचा वरचा काठ, म्हणजे लिंटेल, साधारण सात फुटांवर येतो आणि छत दहा फुटांवर असते. गरम हवा हलकी होऊन वर जाते. वरच्या तीन फुटांत तिला बाहेर पडायला वाटच नसते, म्हणून ती तिथेच साचते. पंखा लावला की तीच हवा पुन्हा खाली येते. जुन्या सरकारी इमारतींत छताला लागून झरोके ठेवलेले दिसतात, ते याचसाठी. पुढे नकाशे साधे करताना आणि खर्च कमी करताना कित्येक ठिकाणी आधी झरोकेच गेले.

यातले काहीच गुपित नाही. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला शिकलेल्या कोणालाही हे माहीत असते. तरीही तशीच खोली पुन्हा बांधली जाते.

कानविंदे कोण होते?

अच्युत पुरुषोत्तम कानविंदे यांचा जन्म 1916 मध्ये कोकणातल्या आचरा गावी झाला. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातले हे गाव आता सिंधुदुर्गात येते. ते दोन वर्षांचे असताना आई गेली. मोठ्या एकत्र कुटुंबात ते वाढले. वडील मुंबईत चित्रकला शिकवत, स्वतः व्यक्तिचित्रे आणि निसर्गचित्रे काढत. मुलाचाही ओढा चित्रकलेकडेच होता. 1935 मध्ये त्यांनी मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयाच्या वास्तुकला विभागात प्रवेश घेतला. 1942 मध्ये ते शिकून बाहेर पडले.

या विभागाचे प्रमुख तेव्हा क्लॉड बॅटले होते. हे इंग्रज वास्तुविशारद पहिल्या महायुद्धाच्या आधीच मुंबईत आले होते. मुंबई सेंट्रल स्थानकाची इमारत त्यांच्या ग्रेगसन, बॅटले आणि किंग या कंपनीचे काम. मात्र बॅटले यांचे अधिक टिकाऊ काम वर्गातले होते. युरोपातल्या इमारतींच्या नकला गिरवण्यापेक्षा विद्यार्थ्यांनी आपल्याकडच्या जुन्या वास्तूंपाशी जावे, टेप धरून मोजमाप घ्यावे आणि मग कागदावर उतरवावे, असा त्यांचा आग्रह होता. 1934 मध्ये निघालेल्या त्यांच्या भारतीय वास्तुकलेवरील ग्रंथात अशी मोजून काढलेली चित्रेच प्रामुख्याने आहेत. छज्जा किती पुढे आला की सावली कुठवर पडते, हे फोटोवरून कळत नाही. त्यासाठी छज्जाखाली जाऊन उभे राहावे लागते. कानविंदे यांचे शिक्षण अशा वातावरणात झाले.

हार्वर्डला कशासाठी पाठवले?

दुसरे महायुद्ध संपत आले होते. स्वातंत्र्य दृष्टिपथात होते आणि शांतिस्वरूप भटनागर यांच्या नेतृत्वाखालची वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद (सीएसआयआर) देशभर प्रयोगशाळा उभारण्याच्या तयारीत होती. प्रयोगशाळा कशी बांधतात हे जाणणारे वास्तुविशारद देशात नव्हते. म्हणून 1945 मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर कानविंदे यांना अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात पाठवण्यात आले. तिथे त्यांचे शिक्षक होते वॉल्टर ग्रोपिअस. पुढे जगप्रसिद्ध झालेले आय. एम. पेई आणि पॉल रुडॉल्फ हेही त्या सुमारास हार्वर्डमध्येच शिकत होते.

ग्रोपिअस यांची ख्याती ज्या इमारतीमुळे झाली तीही एक शाळाच होती. जर्मनीतल्या डेसाऊ शहरात त्यांनी बाउहाउस या कला-उद्योग शाळेची इमारत बांधली. डिसेंबर 1926 मध्ये तिचे उद्घाटन झाले तेव्हा हजाराहून अधिक पाहुणे आले होते. कार्यशाळेच्या मजल्यांना बाहेरून काचेचा अखंड पडदा, राहण्याच्या खोल्या वेगळ्या भागात, दोन भागांना जोडणारा रस्त्यावरचा पूल. कुठल्या भागात काय चालते ते बाहेरूनच ओळखू यावे, ही मांडणी पाहुण्यांनी पाहिली आणि जगभर नेली. मात्र तो काचेचा पडदा उन्हाळ्यात तापत असे आणि थंडीत आतली ऊब टिकू देत नसे. छायाचित्रांत हे दिसले नाही. त्यामुळे काच जगभर पोहोचली आणि तिची अडचण मागे राहिली.

हिटलरच्या राजवटीत जर्मनी सोडून ग्रोपिअस इंग्लंडला गेले. तिथे मॅक्सवेल फ्राय यांच्यासोबत त्यांनी केंब्रिजजवळ इम्पिंग्टन गावात ग्रामीण शाळा बांधली. ती 1939 मध्ये सुरू झाली. वर्ग एकमजली आणि थेट हिरवळीवर उघडणारे. दिवसा मुले शिकत आणि संध्याकाळी त्याच वास्तूत गावातली मोठी माणसे जमत. हेच फ्राय पुढे चंदीगडच्या उभारणीसाठी भारतात आले.

शाळा पाहून शाळा बांधायची, ही कल्पना कुठली?

महायुद्धानंतर इंग्लंडला थोड्या पैशांत, भराभर शेकडो शाळा हव्या होत्या. हर्टफर्डशर परगण्यातल्या सरकारी वास्तुविशारदांनी कारखान्यात तयार होणारे सुटे भाग जोडून शाळा उभ्या केल्या. त्यापुढची त्यांची कृती जास्त महत्त्वाची होती. डेव्हिड आणि मेरी मेड हे वास्तुविशारद दांपत्य शाळा सुरू झाल्यावर वर्गात जाऊन बसू लागले. मुलांचा हात कुठवर पोहोचतो, खिडकीचा काठ बसलेल्या मुलाच्या डोळ्यांच्या वर जातो का, हात धुवायला रांग कुठे लागते, याच्या नोंदी होत. पुढची शाळा त्या नोंदींवरून आखली जाई. बाहेरदेशीचे वास्तुविशारदही या शाळा पाहायला येत.

इंजिनीअरिंगच्या भाषेत याला फीडबॅक लूप म्हणता येईल. कारखान्यात तयार मालाची तपासणी होते, दोष सापडला की साचा दुरुस्त होतो. बांधकामात साचा तसाच राहतो आणि माल निघत राहतो.

परतल्यावर त्यांनी काय केले?

1947 मध्ये कानविंदे परतले आणि सीएसआयआरचे मुख्य वास्तुविशारद झाले. विक्रम साराभाई तेव्हा अहमदाबादेत संस्था उभारत होते. कापड गिरण्यांसाठीची अटिरा ही संशोधन संस्था आणि भौतिकी संशोधन प्रयोगशाळा, या दोन्हींच्या इमारती कानविंदे यांच्या. 1954 मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते त्यांची उद्घाटने झाली. सरळ रेषा, सपाट छत, सजावटीला पूर्ण फाटा. तोवर सरकारी वास्तूला घुमट आणि कमानी हव्यातच, असे मानणाऱ्यांना हे धक्कादायक होते. नव्या देशाच्या विज्ञानाला नवे घर हवे, ही भावना या इमारतींत दिसते. त्याच वेळी ग्रोपिअस यांचा ठसाही लपत नाही. अहमदाबादच्या उन्हाचा जेवढा हिशेब पुढच्या कामांत दिसतो तेवढा इथे दिसत नाही.

1955 मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि शौकत राय यांच्यासोबत दिल्लीत ‘कानविंदे आणि राय’ ही फर्म सुरू केली. 1959 मध्ये ललित कला अकादमीने दिल्लीत वास्तुकलेवर परिसंवाद घेतला, त्यातही त्यांचा पुढाकार होता. भारतीय वास्तूने जुन्याकडे पाहावे की नव्याकडे, यावर देशभरचे वास्तुविशारद तिथे भिडले. कानविंदे नव्याच्या बाजूचे. पण त्यांना खरे उत्तर द्यायची संधी लगेच पुढे आली, तीही गंगेच्या सपाट प्रदेशात.

कानपूर महत्त्वाचे का?

1959 मध्ये कानपूरला आयआयटी स्थापन झाली. पहिले संचालक पुरुषोत्तम काशिनाथ केळकर यांनी त्याआधी मुंबई आयआयटीच्या उभारणीत काम केले होते. संस्थेला स्वतःची जागा नव्हती, म्हणून 1960 मध्ये पहिले वर्ग हारकोर्ट बटलर संस्थेच्या कँटीनच्या इमारतीत भरले. शहराबाहेर कल्याणपूरला हजारभर एकर जमीन मिळाली. नऊ अमेरिकी विद्यापीठे मदतीला होती. 1963 मध्ये तिथे आयबीएम 1620 संगणक आला. देशात संगणकाचे शिक्षण सुरू झाले ते इथून, हे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना माहीत असते. ज्या आवारात ते घडले ते आवार कोणी आखले, हे मात्र फारसे माहीत नसते.

कानपूरचा उन्हाळा खान्देशाच्या तोडीचा. मे महिन्यात लू वाहते, थंडीत धुके आणि पावसाळ्यात चिकचिक. अमेरिकी विद्यापीठाचा आराखडा उचलून ठेवला असता तर सुटे ठोकळे, मध्ये मोकळी हिरवळ आणि इमारतींपर्यंत मोटारी अशी रचना झाली असती. कानविंदे यांनी मोटारी बाहेरच्या रस्त्यावर थांबवल्या. ग्रंथालय, व्याख्यानगृहे, विभाग आणि प्राध्यापकांच्या खोल्या एकमेकींजवळ आणल्या आणि त्यांना पहिल्या मजल्याच्या उंचीवरच्या पायवाटांनी जोडले. या उंच वाटांमुळे खालच्या वाटेवर आपोआप सावली पडते. एका तासावरून दुसऱ्या तासाला जाणारा विद्यार्थी उन्हात भाजत नाही, पावसात भिजत नाही आणि वाटेत त्याला दुसऱ्या शाखेची माणसे भेटतात. मध्ये अंगणे आहेत, झाडे आहेत, पाणी आहे.

सांगाडा काँक्रीटचा आणि मधले भराव विटांचे, दोन्ही गिलाव्याशिवाय उघडे. गंगेच्या गाळाची माती असलेल्या प्रदेशात वीट मुबलक, गवंडी तिच्यात तरबेज आणि रंगाचा खर्च नाही. डेसाऊची काच इथे नाही. तिथला जोडपूल मात्र आहे. डेसाऊला तो दोन भाग सांधण्यासाठी होता, कानपूरला तो सावली देऊ लागला. गुरूच्या वास्तूतले काय घ्यायचे आणि काय सोडायचे, हे इथे स्पष्ट दिसते.

हे संकुल निर्दोष आहे असे नाही. उघड्या काँक्रीटवर काही पावसाळ्यांनंतर काळे ओघळ उतरतात आणि देखभाल ढिली पडली की आतली सळई गंजते. त्या काळच्या अशा इमारतींचे हे दुखणे देशभर आहे. तरीही साठ वर्षांनंतर वास्तुकलेचे विद्यार्थी अभ्यासदौऱ्यावर कानपूरला जातात, ते त्या सावलीतून चालून पाहण्यासाठी.

अनुभव लिहून ठेवला का?

हो, आणि हा भाग अनेकदा दुर्लक्षित राहतो. 1969 मध्ये कानविंदे यांनी एच. जेम्स मिलर या अमेरिकी सहकाऱ्यासोबत भारतातील शैक्षणिक संकुलांच्या आराखड्यांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. तेव्हा देशात विद्यापीठे, कृषी महाविद्यालये, तंत्रनिकेतने धडाधड उभी राहत होती. प्रत्येक ठिकाणी नवा अभियंता तीच चूक पहिल्यापासून करत होता. जागा कशी निवडावी, वाढ कुठल्या दिशेने होऊ द्यावी, चालत किती वेळात पोहोचता यावे, वारा आणि ऊन कसे हाताळावे, हे एका ठिकाणी मांडण्याचा तो प्रयत्न होता. यशस्वी वास्तुविशारद सहसा आपल्या इमारतींचे सुंदर फोटो छापतो. या दोघांनी दुसऱ्यांना उपयोगी पडेल असे पुस्तक केले.

दूध डेअरीचा शाळेशी काय संबंध?

1970च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातमधल्या मेहसाण्यात दूधसागर डेअरीची इमारत उभी राहिली. दूध तापवायचे, थंड करायचे, भुकटी करायची, म्हणजे आत सतत उष्णता आणि वाफ. कानविंदे यांनी इमारतीतून उभे पोकळ मनोरे वर काढले. आतली गरम हवा हलकी असल्याने त्यांतून वर निघून जाते आणि तिच्या जागी खालून ताजी हवा ओढली जाते. चुलीच्या धुरांड्याचे तत्त्व तेच. यासाठी वीज लागत नाही, लागतो तो उंचीतला फरक आणि वर उघडी वाट. दुरून पाहिले की हे मनोरेच इमारतीची ओळख वाटतात. सजावट म्हणून त्यांतले काहीच लावलेले नाही.

शाळेच्या खोलीत वरच्या तीन फुटांत अडकलेल्या हवेचे काय करायचे, याचे उत्तर या डेअरीत आहे. स्लॅबखाली समोरासमोर झरोके ठेवले किंवा छताचा एक भाग उचलून घेतला, तरी तेच तत्त्व लहान प्रमाणात काम करते. बाहेरची हवाच 45 अंशांची असेल तेव्हा नुसत्या हवेने भागत नाही, हेही खरे. मग छतावर सावली किंवा पांढरा रंग, पश्चिमेच्या भिंतीपुढे पडवी, दाराशी झाड असे उपाय जोडीला लागतात.

पुढे काय?

कानविंदे यांनी बेंगळूरुच्या कृषी विद्यापीठाचे संकुल केले. मुंबईत वरळीला 1985 मध्ये सुरू झालेले नेहरू विज्ञान केंद्र त्यांचेच. खान्देशातून मुंबईच्या सहलीला गेलेल्या कित्येक मुलांनी त्यांची ही एक इमारत नाव न कळता पाहिलेली असते. 1974 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. उतारवयात दिल्लीचे इस्कॉन मंदिर त्यांनी केले, तेव्हा आधुनिकतेचा पुरस्कर्ता शिखरांकडे वळला म्हणून काहींनी नाके मुरडली. 28 डिसेंबर 2002 रोजी त्यांचे निधन झाले. 2022 मध्ये न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने स्वातंत्र्योत्तर दक्षिण आशियाच्या वास्तुकलेवर प्रदर्शन भरवले, त्यात त्यांच्या कामाचा समावेश होता.

एरंडोलच्या शाळेचा यात संबंध काय?

जिल्हा परिषदेच्या शाळेची खोली मंजूर होते तेव्हा नमुना नकाशा ठरलेला असतो. अंदाजपत्रक, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, बिल आणि हस्तांतरण अशा पायऱ्या होतात. त्यानंतर ‘दोष दायित्व कालावधी’ सुरू होतो. या काळात छत गळले किंवा भिंतीला तडा गेला तर ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायचे असते. खोली तापते, हा मात्र या कागदपत्रांच्या हिशेबात दोष नसतो. नकाशाप्रमाणे बांधले की काम पूर्ण. नकाशाच चुकला असेल तर ते कळवण्याची जबाबदारी कोणाची, याला रकाना नाही. शिक्षकाला ते रोज कळते, पण नकाशा काढणारा त्याला कधी भेटत नाही.

नमुना नकाशा ही वाईट गोष्ट नाही. हर्टफर्डशरच्या शाळाही ठरावीक भागांतून जुळवलेल्या होत्या. फरक एवढाच की तिथला साचा दरवेळी बदलत गेला. कोकणासाठी, खान्देशासाठी आणि सातपुड्यासाठी एकच साचा वापरायचा असेल, तर निदान तो एप्रिलमध्ये एकदा तपासता येतो. त्यासाठी परदेशी सल्लागार लागत नाही. तापमापक, टेप, वही आणि दुपारचे दोन तास पुरतात. खोलीत बाकाच्या उंचीवर किती तापमान आहे, छताखाली किती आहे, पश्चिमेच्या भिंतीला हात लावता येतो का आणि मुले कुठल्या कोपऱ्यात सरकून बसतात, एवढे लिहिले तरी पुढच्या खोलीचा झरोका कुठे हवा ते ठरते. जळगाव आणि धुळ्यात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, तिथल्या स्थापत्य शाखेच्या मुलांना शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी विषय हवाच असतो. फक्त परीक्षा मे महिन्यात असतात, त्यामुळे मोजणी मार्च-एप्रिलमध्येच उरकावी लागेल. आणि वर्ग सकाळचे असल्याने दुपारी शाळेचे कुलूप उघडून देणारे कोणी तरी आधीच गाठून ठेवावे लागेल.